द्रवस्फटिकांचे प्रकाशीय गुणधर्म आणि विद्यार्थ्यांचे संशोधन : फोंड्याच्या प्रयोगशाळेतून पाहताना

फोंड्याच्या बाजारात एखाद्या दुकानाच्या गल्ल्यावर ठेवलेले साधे गणकयंत्र घ्यावे आणि ध्रुवक भिंगांचा उन्हाचा चष्मा लावून त्याच्या पडद्याकडे पाहावे. मग मान हळूहळू तिरकी करावी किंवा गणकयंत्रच गोल फिरवावे. एका विशिष्ट कोनात पडदा काळा पडतो व आकडे नाहीसे होतात. आणखी थोडे फिरवले की ते पुन्हा दिसू लागतात. यंत्र बिघडलेले नसते, चष्माही बिघडलेला नसतो. दोन काचांच्या मध्ये केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ असा एका विलक्षण पदार्थाचा थर असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना ध्रुवक पत्रे चिकटवलेले असतात आणि त्यांच्यातून बाहेर पडणारा प्रकाश एकाच प्रतलात कंप पावत असतो. हा मधला पदार्थ म्हणजे द्रवस्फटिक होय.

प्रस्तुत लेखात द्रवस्फटिकांच्या प्रकाशीय गुणधर्मांचा परिचय करून द्यावयाचा आहे. त्याबरोबरच एका प्रश्नाचाही विचार करावयाचा आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला, तेही महानगरापासून दूर असलेल्या गावातील महाविद्यालयात, या विषयात खरे संशोधन करता येईल काय? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या चार वर्षांच्या पदवीक्रमात संशोधन प्रकल्पाला स्थान मिळाले आहे. स्थान मिळणे आणि संशोधन होणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक ठिकाणी प्रकल्प म्हणजे इकडून तिकडून उतरवून, सुबक बांधणी करून सादर केलेली फाइल एवढाच अर्थ उरतो, हे शिक्षकवर्गाला सांगण्याची गरज नाही.

फोंडा हे या प्रश्नाचा विचार करण्यास योग्य ठिकाण आहे. फर्मागुडीच्या पठारावर गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कला व विज्ञान शाखांचे महाविद्यालय आहे आणि आयआयटी गोवाचे वर्गही २०१६ साली याच परिसरात सुरू झाले. डिचोली, पेडणे, सत्तरी या भागांतील अनेक मुलामुलींचे प्राथमिक शिक्षण मराठीतून होते, पुढे माध्यमिक शाळेत विज्ञान इंग्रजीतून शिकावे लागते, घरी कोंकणी असते आणि मुस्लिम कुटुंबांतून उर्दूही असते. अशा विद्यार्थ्याला 'बायरिफ्रिंजन्स' हा शब्द पाठ असतो, पण त्याचा अर्थ विचारला तर तो पुस्तकातले इंग्रजी वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवतो. म्हणून आधी शब्दांपासूनच सुरुवात करणे इष्ट ठरेल.

शब्द आणि पदार्थ

स्फटिक हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. खडीसाखर, तुरटी, मिठाचा खडा ही त्याची घरगुती उदाहरणे. स्फटिकात अणू किंवा रेणू ठरावीक जागी, ठरावीक अंतरावर, कवायतीतील ओळींप्रमाणे उभे असतात. द्रवात ही शिस्त नसते. रेणू एकमेकांना ढकलत, सरकत, वाटेल त्या दिशेला तोंड करून हिंडतात. मराठीत 'बिलोरी आरसा' म्हणताना जो 'बिलोर' येतो तो अरबी-फारसीतील 'बिल्लौर'. त्याचाही अर्थ स्फटिक किंवा स्फटिकासारखी स्वच्छ काच. उर्दूतील रसायनशास्त्रात स्फटिकाला 'क़लम' म्हणतात आणि स्फटिकीभवनाला 'क़लमाव'. लेखणीचा आणि स्फटिकाचा शब्द एकच असावा ही मोठी मौजेची गोष्ट आहे, आणि लांबट सुईसारखे स्फटिक ज्याने पाहिले आहेत त्याला ती चटकन पटते. ज्या मराठवाड्यातील विद्यार्थ्यांनी एके काळी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून पदार्थविज्ञान शिकले, त्यांच्या कानाला असे शब्द परके नव्हते. मातृभाषेतील किंवा परिचित भाषेतील शब्द संकल्पनेला आकार देतो. पाठ केलेला शब्द तेवढे करीत नाही.

आता 'द्रवस्फटिक' या जोडशब्दाकडे पाहू. तो वरवर विरोधाभासी वाटतो. वस्तू एक तर वाहते, नाही तर शिस्तीत उभी राहते, दोन्ही कसे? याचे उत्तर असे की शिस्त दोन प्रकारची असते, एक जागेची आणि दुसरी दिशेची. लांबट रेणूंचा एखादा पदार्थ तापवला असता जागेची शिस्त आधी मोडते, पण दिशेची शिस्त काही काळ टिकते. नदीच्या प्रवाहात सोडलेल्या बांबूंची कल्पना करावी. एकही बांबू जागेवर नाही, सगळे वाहत आहेत, तरी सर्वांची तोंडे साधारण एकाच दिशेला आहेत. आणखी तापवले की दिशाही विसरली जाते आणि साधा, पारदर्शक द्रव उरतो.

हे प्रथम लक्षात आले ते १८८८ साली, प्राग येथे. फ्रीडरिश रायनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरिल बेंझोएट या पदार्थावर काम करीत होता. हा पदार्थ १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशाला तो गढूळ द्रव एकदम स्वच्छ झाला. एका पदार्थाला दोन वितळबिंदू! दुसरा कोणी असता तर नमुना अशुद्ध आहे असे समजून त्याने तो फेकून दिला असता. रायनिट्झरने मात्र पत्र लिहून तो ओटो लेमान या पदार्थवैज्ञानिकाकडे पाठवला. लेमानकडे नमुना तापवता येईल असा ध्रुवक सूक्ष्मदर्शक होता. त्याने त्यातून पाहिले आणि वाहणारा पदार्थ स्फटिकासारखा वागतो हे जाहीर केले. पुढे १९२२ साली फ्रान्समधील जॉर्ज फ्रीडेल याने या अवस्थांचे वर्गीकरण करून नावे दिली. सूक्ष्मदर्शकात दोऱ्यांसारख्या रेषा दिसतात ती 'नेमॅटिक' अवस्था, कारण ग्रीक भाषेत 'नेमा' म्हणजे दोरा. थरांवर थर रचलेले असतात ती 'स्मेक्टिक'. या नावाच्या मुळाशी साबणाचा ग्रीक शब्द आहे. आणि रेणूंची दिशा गोल जिन्याप्रमाणे वळत जाते ती 'कोलेस्टेरिक'.

प्रकाशाचे दोन वेग

द्रवस्फटिकाचे सगळे प्रकाशीय चमत्कार एका गोष्टीतून निघतात. रेणू लांबट आणि एका दिशेला वळलेले असल्यामुळे, त्यांच्या लांबीला समांतर कंप पावणारा प्रकाश आणि लांबीला आडवा कंप पावणारा प्रकाश यांना हा पदार्थ सारखा वागवीत नाही. एकाचा वेग कमी होतो, दुसऱ्याचा त्यामानाने जास्त राहतो. म्हणजे पदार्थ एक आणि अपवर्तनांक दोन. यालाच द्विअपवर्तन म्हणतात. कॅल्साइट या खनिजात हा परिणाम १६६९ साली डेन्मार्कच्या बार्टोलिन याने वर्णिला होता. तो खडा कागदावर ठेवला असता खालचे प्रत्येक अक्षर दुहेरी दिसते. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी ज्या पातळ शिंपल्यांची तावदाने बसवलेली दिसतात, तो शिंपलाही बहुतांशी कॅल्साइटचाच असतो. त्याचा छोटा तुकडा दोन ध्रुवकांच्या मध्ये धरून पाहावा. विद्यार्थ्याला द्विअपवर्तन समजावण्यास गोव्यात यापेक्षा जवळचे साधन नाही.

प्रयोगशाळेत सर्वाधिक वापरला जाणारा नेमॅटिक पदार्थ म्हणजे पेंटिल सायनोबायफिनिल. इंग्लंडमधील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी सायनोबायफिनिल कुळातील पदार्थ तयार केले आणि त्यांच्यामुळेच घड्याळ व गणकयंत्रांचे पडदे टिकाऊ झाले. हा पदार्थ सुमारे २४ अंश ते ३५ अंश सेल्सिअस या टप्प्यात द्रवस्फटिक असतो. त्याचा एक अपवर्तनांक सुमारे १.५३ आणि दुसरा सुमारे १.७१. फरक ०.१८. क्वार्ट्झमध्ये हाच फरक ०.००९ च्या आसपास असतो. म्हणजे द्रवस्फटिकाचे द्विअपवर्तन क्वार्ट्झच्या वीसपट आहे.

या फरकाचा उपयोग कसा होतो ते पाहू. पहिल्या ध्रुवकातून आलेला प्रकाश थरात शिरताच दोन घटकांत विभागतो. एक घटक मागे पडतो. थर १० मायक्रोमीटर जाडीचा असेल तर मागे पडण्याचे अंतर ०.१८ गुणिले १०, म्हणजे १.८ मायक्रोमीटर. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५८९ मायक्रोमीटर आहे. म्हणजे एक घटक दुसऱ्याच्या सुमारे तीन तरंग मागे राहतो. तरंगांची संख्या पूर्णांक असेल तर आडव्या लावलेल्या दुसऱ्या ध्रुवकातून प्रकाश बाहेर पडत नाही. अर्धा तरंग जास्त असेल तर भरपूर पडतो. पांढऱ्या प्रकाशात प्रत्येक रंगाचा हिशेब वेगळा, म्हणून सूक्ष्मदर्शकात मोरपिसासारखे रंग दिसतात. ते रंग पदार्थात नसतात, हिशेबात असतात. ही गोष्ट एकदा समजली की विद्यार्थी केवळ रंग पाहून थांबत नाही, थराची जाडी काढू लागतो.

तापमान वाढवत गेले की रेणूंची दिशेची शिस्त सैल होते, दोन अपवर्तनांक एकमेकांजवळ सरकतात आणि ठरावीक तापमानाला एकदम एक होतात. शिस्त किती शिल्लक आहे हे मोजण्यासाठी शून्य ते एक या दरम्यानची एक संख्या वापरतात. तिला क्रमांक-प्राचल म्हणता येईल. सर्व रेणू अगदी समांतर असतील तर ती एक, पूर्ण गोंधळ असेल तर शून्य. महत्त्वाची बाब अशी की डोळ्यांना न दिसणाऱ्या रेणूंची ही शिस्त केवळ अपवर्तनांक मोजून काढता येते. त्यासाठी कोट्यवधींचे यंत्र लागत नाही.

नागपूरचा विद्यार्थी

भारतात या विषयाचे नाव घेताना शिवरामकृष्ण चंद्रशेखर (१९३०-२००४) यांचे नाव प्रथम येते. नोबेल पारितोषिक मिळालेले खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेगळे, दोघेही सी. व्ही. रामन यांच्याच कुटुंबातील असल्याने गल्लत होते. मराठी वाचकाला विशेष वाटावे असे की द्रवस्फटिकांचे चंद्रशेखर नागपूर विद्यापीठाचे विद्यार्थी. १९५१ साली त्यांनी तेथून एम.एस्सी. केले आणि पहिला क्रमांक मिळवला. मग ते बंगळूरला मामा रामन यांच्या संशोधन संस्थेत गेले, आणि तेथील कामावर १९५४ साली नागपूर विद्यापीठानेच त्यांना डी.एस्सी. दिली.

त्यांचा विषय होता स्फटिकांचे प्रकाशीय घूर्णन. क्वार्ट्झच्या चकतीतून ध्रुवित प्रकाश गेला की त्याचे कंपन-प्रतल फिरते. किती फिरते ते रंगावर अवलंबून असते. चंद्रशेखर यांनी क्वार्ट्झसाठी एक सूत्र मांडले, ते असे : तरंगलांबीचा वर्ग घ्यावा, त्यातून ०.०९२६ या संख्येचा वर्ग वजा करावा, आलेल्या वजाबाकीचा पुन्हा वर्ग करावा आणि त्याने तरंगलांबीच्या वर्गाला भागावे, भागाकारास ७.१९ ने गुणावे. तरंगलांबी मायक्रोमीटरमध्ये घेतली तर उत्तर दर मिलिमीटरला अंशांत मिळते. सोडियमच्या प्रकाशासाठी हा हिशेब करून पाहावा. ०.५८९ चा वर्ग ०.३४६९. त्यातून ०.००८६ वजा केले की ०.३३८३. त्याचा वर्ग ०.११४४. भागाकार ३.०३, आणि ७.१९ ने गुणले की सुमारे २१.८. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत क्वार्ट्झचे घूर्णन मोजले तर ते दर मिलिमीटरला २१.७ अंश येते. विशीतील एका विद्यार्थ्याने मांडलेले सूत्र सत्तर वर्षांनंतरही गल्ल्यावरच्या गणकयंत्रावर पडताळता येते, याहून विद्यार्थी-संशोधनाचे चांगले उदाहरण कोणते द्यावे?

पुढे ते केंब्रिजला गेले. तेथे त्यांनी स्फटिकांतील क्ष-किरण व न्यूट्रॉन यांच्या विकिरणावर काम केले. १९६१ साली भारतात परतून म्हैसूर विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख झाले आणि तेथे द्रवस्फटिकांकडे वळले. वरवर पाहता हे विषयांतर वाटेल. तसे ते नव्हते. कोलेस्टेरिक द्रवस्फटिकात रेणूंची दिशा जिन्यासारखी फिरत असल्याने तो ध्रुवित प्रकाशाचे प्रतल प्रचंड फिरवतो, दर मिलिमीटरला हजारो अंश. क्वार्ट्झचे २१.७ अंश त्यापुढे काहीच नव्हेत. शिवाय जिन्याच्या एका पूर्ण वळणाची उंची आणि सरासरी अपवर्तनांक यांच्या गुणाकाराइतकी ज्या रंगाची तरंगलांबी असेल तो रंग कोलेस्टेरिक पदार्थ परावर्तित करतो, स्फटिकाचे थर क्ष-किरणांना परावर्तित करतात तसा. १९६८ साली चंद्रशेखर यांनी श्रीनिवास राव यांच्यासह या घूर्णनाचा सिद्धान्त मांडला तेव्हा क्ष-किरणांच्या विवर्तनासाठी वापरली जाणारी गणिती पद्धत त्यांनी येथे वापरली. नागपूर-बंगळूरचे घूर्णन आणि केंब्रिजचे क्ष-किरण असे दोन्ही धागे येथे एकत्र आले. जिन्याची उंची तापमानाबरोबर बदलते म्हणून रंगही बदलतो. कपाळावर लावून ताप पाहावयाची रंग बदलणारी पट्टी याच तत्त्वावर चालते.

१९७१ साली ते रामन संशोधन संस्थेत आले. तेथे १९७७ साली बी. के. सदाशिव व के. ए. सुरेश यांच्यासह त्यांनी जो शोध लावला त्याने या विषयाचे एक जुने गृहीतक मोडले. जर्मनीतील हाले येथे डॅनिएल फोरलेंडर याने आपल्या अनेक विद्यार्थ्यांच्या मदतीने शेकडो द्रवस्फटिक तयार केले होते आणि त्यावरून नियम बसवला होता की द्रवस्फटिकाचा रेणू लांब व सरळ असावा लागतो. हा नियम इतका रुजला होता की द्रवस्फटिक म्हणजे काठीसारखा रेणू असे समीकरणच झाले. बंगळूरच्या तिघांनी चकतीसारखे रेणू घेतले : मध्ये बेंझिनचे वलय आणि त्याला सहा बाजूंनी सहा लांब शेपट्या. तापवल्यावर या चकत्या नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकमेकींवर रचल्या जाऊन स्तंभ बनतात, असे क्ष-किरणांनी दाखवून दिले. हा एक नवाच द्रवस्फटिक प्रकार होता. शोधनिबंध 'प्रमाण' या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगाने तो तेथेच येऊन वाचला. परदेशी नियतकालिकात छापून आल्याशिवाय संशोधनाला किंमत नाही असे मानणाऱ्यांनी या गोष्टीची नोंद घ्यावयास हरकत नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यास जपानच्या फुजी कंपनीने चकतीरेणूंचा पातळ पापुद्रा वापरून संगणकाचा पडदा बाजूने पाहिला तरी स्पष्ट दिसेल अशी सोय केली. त्यापूर्वीचे पडदे तिरके पाहिले की रंग उलटे दिसत, हे अनेकांना आठवत असेल.

प्रयोगशाळेतील वाट

चंद्रशेखर यांच्यासारखी बुद्धी सर्वांना नसते, हा आक्षेप रास्त आहे. पण येथे मुद्दा बुद्धीचा नसून मोजण्याचा आहे. फर्मागुडीच्या एखाद्या महाविद्यालयात काय करता येईल ते पाहू.

बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत वर्णपटमापक असतोच. काचेच्या दोन पट्ट्या एका कडेला टेकवून व दुसऱ्या कडेला पातळ पट्टी घालून सुमारे २ अंशांची पाचर करावी. काचांवर पॉलिव्हिनिल अल्कोहोलचा पातळ थर देऊन, तो वाळल्यावर मऊ कापडाने एकाच दिशेला, पाचरीच्या कडेला समांतर, घासावा. एकाच दिशेला घासणे महत्त्वाचे, कारण रेणू त्या दिशेला वळतात. मागेपुढे चोळले, किंवा दोन काचा वेगवेगळ्या दिशांना घासल्या, तर सगळा प्रयोग फुकट जातो. पाचरीत द्रवस्फटिक भरला की त्यातून जाणारा किरण दोन किरणांत फुटतो. पाचर बारीक असेल तर किरणाचे वळणे म्हणजे अपवर्तनांकातून एक वजा करून पाचरीच्या कोनाने गुणणे. एक किरण सुमारे १.०६ अंश वळतो, दुसरा सुमारे १.४२ अंश. फरक ०.३६ अंश, म्हणजे जवळजवळ २२ मिनिटे. वर्णपटमापकाचे लघुत्तम माप एक मिनिट धरले तरी हा फरक आरामात मोजता येतो. वर्णपटमापक नसेल तर साध्या लेसरचा किरण पाचरीतून पाठवून ५ मीटर दूरच्या भिंतीवर पाहावे. तेथे दोन ठिपक्यांमध्ये ३१ मिलिमीटर अंतर पडेल. फूटपट्टीनेही मोजता येईल असे हे अंतर आहे. ध्रुवक फिरवला की आळीपाळीने एक ठिपका विझतो आणि दुसरा उजळतो. लेसरच्या किरणाकडे थेट पाहू नये हे शिक्षकाने बजावणे मात्र अनिवार्य आहे.

एक अडचण पुस्तकात सापडत नाही. थर जाड झाला की घासलेल्या काचेची सत्ता मध्यापर्यंत पोचत नाही आणि द्रवस्फटिक दुधासारखा गढूळ राहतो. म्हणून किरण पाचरीच्या निमुळत्या कडेजवळूनच पाठवावा. कडेपासून ३ मिलिमीटरवर जाडी ०.१ मिलिमीटर असते, तेथवर निभावते.

खर्चाचा प्रश्न नेहमी पुढे केला जातो. शुद्ध द्रवस्फटिक महाग असतो हे खरे. पण २ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद आणि १० मायक्रोमीटर जाड अशा थराला किती पदार्थ लागतो? सुमारे ४ मिलिग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमची कुपी अडीचशे थरांना पुरते, आणि काळजीने वापरली तर विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्यांना. ध्रुवक पत्रे टाकाऊ गणकयंत्रे व जुन्या पडद्यांतून काढता येतात. पैशापेक्षा तुटवडा असतो तो सलग दोन महिने रोज त्याच वेळी तेच मोजण्याच्या सवयीचा.

गोव्याचे हवामान या कामात अडथळा समजले जाते. ते अर्धेच खरे आहे. सायनोबायफिनिलचा २४ ते ३५ अंशांचा टप्पा म्हणजे जवळपास फोंड्याच्या खोलीचेच तापमान. थंड प्रदेशातील प्रयोगशाळेला हा पदार्थ थिजू नये म्हणून ऊब द्यावी लागते. येथे ते काम हवाच करते. उलट मे महिन्याच्या दुपारी बंद खोलीत तो स्वच्छ द्रव होण्याच्या उंबरठ्यावर येतो. पाण्याचे साधे उष्णपात्र आणि अर्धा अंश दाखवणारा तापमापक एवढ्यावर २५ अंशांपासून ३५ अंशांपर्यंत दोन ठिपके कसे जवळ येत जातात याचा आलेख काढता येतो. हा आलेख सरळ रेषा नसतो. सुरुवातीला ठिपके संथपणे जवळ येतात, शेवटच्या दोन-तीन अंशांत घाई करतात आणि मग मधले बरेच अंतर शिल्लक असतानाच एका क्षणी एकत्र होतात. या शेवटच्या उडीतच अवस्थांतराचे सगळे भौतिकशास्त्र आहे आणि ती चुकवायची नसेल तर तापमान अगदी हळू वाढवावे लागते.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. पॉलिव्हिनिल अल्कोहोल पाण्यात विरघळणारे असल्याने जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत घासलेला थर ओल धरतो. काचा गरम करून, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवाव्या लागतात. याहून मोठा सापळा जुन्या प्रयोगपुस्तकांत आहे. ती पुस्तके एमबीबीए या पदार्थाची शिफारस करतात. १९६९ साली तयार झालेला हा पदार्थ सुमारे २२ अंशांपासून ४७ अंशांपर्यंत द्रवस्फटिक राहतो, त्यामुळे सोयीचा वाटतो. पण ओलाव्याने त्याचे रेणू तुटतात, तुटलेले तुकडे अशुद्धी म्हणून त्यातच राहतात आणि ४७ चा आकडा खाली घसरू लागतो. पुस्तकातले उत्तर येत नाही म्हणून विद्यार्थी गडबडतो, आणि पुष्कळदा वहीत ४७ लिहून मोकळा होतो. येथेच संशोधन आणि फाइल यांच्या वाटा वेगळ्या होतात.

कारण हा घसरणारा आकडा हाच उत्तम प्रश्न आहे. जून महिन्यात एमबीबीएचा थोडा नमुना उघड्या बशीत ठेवावा, तेवढाच दुसरा बंद कुपीत. दोन्हींतील एकेक थेंब रोज काचपट्टीवर घेऊन तो कोणत्या तापमानाला स्वच्छ होतो ते लिहावे, सोबत हवेतील आर्द्रताही लिहावी. पावसाची उघडीप झाली तर घसरण मंदावते काय? विश्रांतीनंतर पुन्हा मुसळधार सुरू झाला तर काय होते? अंत्रुज महालातील पावसाळ्याचे हे मोजमाप कोणत्याही परदेशी पुस्तकातून उतरवून घेता येणार नाही, आणि महागड्या वातानुकूलित प्रयोगशाळेत ते कोणी करणारही नाही.

दुसरा प्रश्न काजूचा. डिचोली, पेडणे, सत्तरी आणि फोंडा या तालुक्यांतील डोंगरउतारांवर काजूची लागवड आहे. काजूच्या टरफलातून जे दाहक तेल निघते त्यापासून कार्डेनॉल नावाचे रसायन मिळते. त्याच्या रेणूची रचना पाहण्यासारखी आहे : एका टोकाला बेंझिनचे कडक वलय आणि त्याला पंधरा कार्बनची लवचिक शेपटी. कडक भाग आणि लवचिक शेपटी ही तर द्रवस्फटिकाच्या रेणूची ठरलेली मांडणी. त्रिवेंद्रम येथील सी. के. एस. पिल्लई यांनी १९९० च्या दशकात काजूच्या टरफलतेलातून मिळणाऱ्या द्रव्यापासून द्रवस्फटिकी बहुवारिक तयार करून दाखवले. येथे पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्र विभागाच्या दारात जावे लागेल, आणि हे तेल त्वचा भाजते म्हणून हातमोजे व देखरेख यांशिवाय त्याला हात लावता कामा नये. प्रकल्पाची व्याप्तीही आटोपशीर ठेवावी : शेजारच्या विभागाने शुद्ध केलेल्या कार्डेनॉलपासून एखादे सोपे संयुग तयार झाले, तर ते आडव्या ध्रुवकांखाली तापवून पाहणे. बहुतेक संयुगे थेट वितळतील आणि पडदा एकदम काळा होईल. तेही लिहून ठेवावे, तापमानासह. एखादे वितळल्यानंतरही उजळ राहिले, तर रायनिट्झरप्रमाणे तो नमुना न फेकता तापमापकाकडे पाहत बसावे आणि दुसरा आकडा येण्याची वाट पाहावी.